विकलेला, पण नावावर राहिलेला: एका फार्गो ट्रकचं प्रकरण

2022 च्या ऑगस्टमध्ये आईच्या घाटकोपरच्या पत्त्यावर बाबांच्या नावाने एक नोटीस आली. बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. वाहन कराची थकबाकी, वाहनाचा प्रकार मालवाहू, आणि क्रमांक जुन्या पद्धतीचा: तीन अक्षरं, चार आकडे. आईने मला फोन करून तो वाचून दाखवला, तेव्हा शेवटचे दोन आकडे तिच्याआधी मीच म्हटले. आमच्या घरात तो क्रमांक पाढ्यासारखा पाठ होता. आणि तो ट्रक बाबांनी 2003 मध्ये विकला होता.

मी बँकेत कर्ज विभागात आहे, दुसऱ्यांची प्रकरणं लिहिणं हे माझं रोजचं काम. हे आमचं स्वतःचं प्रकरण त्याच शिस्तीने लिहून ठेवायचं असं मी ठरवलं. जुनी घरची गाडी परत घ्यायची इच्छा अनेकांना होते, आणि व्यवहार नेमका कुठे अडतो हे आधी कळलं तर उपयोग होतो, म्हणून.

ट्रक कुठला

गाडी 1964 ची फार्गो, बॉनेटवाली, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये ही कंपनी काढली आणि क्रायस्लरच्या सहकार्याने 1947 पासून कुर्ल्यात गाड्या तयार होऊ लागल्या. डॉज आणि फार्गो ही एकाच कारखान्यातली जुळी भावंडं, मुख्य फरक बॉनेटवरच्या नावाचा. पद्मिनीमुळे प्रीमियर म्हटलं की लोकांना टॅक्सी आठवते. आमच्या घरात मात्र प्रीमियर म्हणजे फार्गो. आत इंजिन पर्किन्सचं, पी-सिक्स, सहा सिलेंडरचं डिझेल. मूळ रचना इंग्लंडातली, 1937 सालची, आणि आपल्याकडे ते मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत तयार होत असे.

आजोबा या ट्रकवर मशीद बंदरहून कांदा-बटाटा वाहायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार नवी मुंबईला गेला आणि त्यांचं बांधलेलं गिऱ्हाईक विस्कटलं. ट्रक उभा राहिला. आजोबा गेल्यावर, 1988 पासून, बाबांनी तो हाती घेतला.

बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वायरमन होते. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या विक्रोळीच्या एका कारखान्याच्या आवारात जायच्या, कारण तिथल्या मालकांनी आजोबांच्या ओळखीवर एका कोपऱ्यात ट्रक ठेवू दिला होता. दादा बाबांबरोबर जायचा. मी डबा घेऊन दुपारी पोचायची आणि संध्याकाळपर्यंत थांबायची. पंधरा वर्षं हे चाललं. कमानीचे पाटे बदलले, ब्रेकचे व्हील सिलेंडर बदलले, हौद्याची लाकडं आणि फाळका नवा केला. 2001 मध्ये ट्रक विक्रोळीहून घाटकोपरपर्यंत स्वतःच्या बळावर आला आणि परत गेला. पूर्ण मात्र तो कधीच झाला नाही. केबिनच्या आतलं काम राहिलं, रंग राहिला.

2003 मध्ये कारखाना बंद पडला, जागा विकली गेली आणि ट्रक हलवायला महिन्याची मुदत मिळाली. मुंबईत तो कामाला लावणंही शक्य नव्हतं. वायुप्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर महानगर क्षेत्रात आठ वर्षांहून जुन्या डिझेल मालवाहू गाड्यांवर बंधनं आली होती. अशा हजारो गाड्या त्या काळात मुंबईबाहेर गेल्या. आमचा ट्रक फलटणकडच्या एका ऊस वाहतूकदाराने अठ्ठेचाळीस हजारांना घेतला. बाबांनी मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, आरसी बुक दिलं, किल्ली दिली. घरी आले आणि त्या रविवारी दिवसभर पंखा उघडून त्याचं वंगण बदलत बसले. पंख्याला काही झालं नव्हतं.

खरा पेच

आता नोटिशीकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. आमच्या बाबतीत दोघांनीही ते केलं नाही. बाबांनी सह्या केल्या म्हणजे काम झालं असं धरलं, आणि घेणाऱ्याने ते फॉर्म तसेच पिशवीत ठेवले. त्यामुळे वीस वर्षं हा ट्रक आरटीओच्या दप्तरी बाबांचाच होता. घेणारा त्याच नावावर कर भरून पासिंग करून आणत होता. 2009 नंतर पासिंग थांबलं, करही थांबला, आणि थकबाकी बाबांच्या नावावर चढत गेली.

हे वाचून माझे हात गार पडले होते, आणि कारण थकबाकी नव्हतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की गाडी विकली असली तरी नोंद बदललेली नसेल, तर अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे नोंदीत नाव असलेला माणूसच. म्हणजे 2003 ते 2009 या काळात फलटणच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या त्या ट्रकखाली कोणी आलं असतं, तर दावा माटुंग्याच्या वायरमनवर आला असता. जुनी गाडी विकलेल्या प्रत्येक घराने आज हे एक तपासावं असं मला कळकळीने वाटतं: नाव खरंच उतरलं आहे का.

दादाने बाबांच्या डायरीतला पत्ता काढला आणि आम्ही दोघं फलटणला गेलो. घेणारे गृहस्थ आता सत्तरीचे, सगळे त्यांना तात्या म्हणतात. ट्रक त्यांच्या वस्तीवर बाभळीखाली उभा होता. चाकं रिमवर आलेली, हौद्यात वैरण. दादा सरळ बॉनेटकडे गेला, त्यावर हात ठेवला आणि रडायला लागला. मी त्याला कोपराने ढोसलं सुद्धा, कारण किमतीची बोलणी अजून व्हायची होती.

पैसे द्यायचे की नाही

परतताना दादाच्या एका मित्राने फोनवर सांगितलं, कागद तुमच्या बाबांच्या नावाचा आहे, तुम्ही वारस आहात, क्रेन लावा आणि उचला, पैसे कसले देता? हा सल्ला आम्हाला नंतर आणखी चौघांनी दिला. त्यातले दोघे आमच्या नात्यातले.

मी या मुद्द्यावर ठाम होते. जंगम वस्तूची विक्री ही किंमत ठरवून वस्तू ताब्यात देण्याने पूर्ण होते, ते माल विक्री कायद्याचं काम. आरटीओची नोंद रस्त्यावरच्या जबाबदारीसाठी असते. ती नोंद बदलली नाही म्हणून बाबांनी घेतलेले अठ्ठेचाळीस हजार परत आमच्या खिशातून तात्यांच्या खिशात जात नाहीत. त्या पैशांतून माझ्या पोस्ट ग्रॅज्युएशनची शेवटची फी गेली होती, हेही मला माहीत होतं. बाबांनी शब्द दिला आणि ट्रक दिला. नाव उतरवायचं राहिलं ही चूक त्यांचीही होती. त्यांच्या चुकीचा फायदा घेऊन त्यांचा व्यवहार मोडायचा, आणि वर ते बाबांच्या आठवणीसाठी केलं म्हणायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं.

दुसऱ्या खेपेला किमतीचं बोललो. भंगारवाल्याने तात्यांना वजनावर नव्वद हजारांच्या आसपास सांगितले होते. पहिल्या भेटीत दादा रडला होता, त्यामुळे तात्यांच्या मुलाने पावणेतीन लाख मागितले. एक लाख साठ हजारांवर ठरलं. म्हणजे भंगाराच्या वर सत्तर हजार आम्ही भावनेचे दिले. बँकेतल्या माझ्या सहकाऱ्यांच्या मते तिथे आम्ही हरलो. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण तात्यांनी पुढे दाखवलेल्या गोष्टींत आहे.

आम्ही का घेतो आहोत हे तात्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी काही लपवलं नाही. सौदा व्हायच्या आधीच त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं. आत पर्किन्स नव्हतं, टाटाचं सहा सिलेंडरचं इंजिन बसवलेलं होतं. पी-सिक्सचं सामान मिळेनासं झालं तेव्हा 2005 मध्ये त्यांनी ते बदललं, आणि जुनं इंजिन एका विहिरीवर पाणी उपसायला गेलं. ते आम्हाला तिथेही घेऊन गेले. ब्लॉक फुटलेला, अर्धा मातीत. दादाने त्या इंजिनावर बाबांबरोबर सहा वर्षं घालवली होती. तो बराच वेळ तिथे उभा राहिला आणि मग म्हणाला, "हे राहू दे." त्या दिवशी मी त्याला काही विचारलं नाही.

मग तात्या केबिनमध्ये शिरले, डॅशबोर्डखालचा पत्रा त्यांनी हाताने वाकवला आणि म्हणाले, "इंजान बदाललं, पाटं बदाललं, पर ह्या वायरीला कंदी हात लावाय लागला न्हाई. तुमच्या वडलांनी वढलीया नव्हं?"

वायरिंग

इथे थोडं थांबते, कारण आम्ही नेमकं काय विकत घेतलं याचं उत्तर इथे आहे.

जुन्या ट्रकचं वायरिंग साधारण कसं असतं हे गॅरेजात गेलेल्याला माहीत आहे. एक वायर तुटली की दुसरी वरून टाकायची, चिकटपट्टी गुंडाळायची, हॉर्नला एक वेगळी, टेपला एक वेगळी, आणि दहा वर्षांनी डॅशबोर्डखाली केसांचा गुंता. जुन्या गाड्यांना आगी लागतात त्यात या गुंत्याचा वाटा मोठा असतो. आवरण कडक होऊन तडकतं, उघडी तार चेसीसला घासते.

बाबांनी ट्रकला डब्याचं वायरिंग केलं होतं. रेल्वेच्या डब्याचं. सगळ्या वायरी एकत्र घेऊन मेण लावलेल्या दोऱ्याने दर दोन बोटांवर गाठ मारत बांधलेल्या, जिथे फाटा फुटतो तिथे दोन गाठी. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पत्र्याची बारीक पट्टी, तिच्यावर ठोकलेला आकडा. एक ते चौतीस. टोकाला लग, म्हणजे स्क्रूखाली बसणारी धातूची कडी, आणि तो नुसता दाबलेला नाही, डाग दिलेला. पत्र्यातून वायर आरपार जाते तिथे रबराची कडी. मडगार्डच्या आत, चिखल उडतो तिथे, वायर पाइपातून नेलेली. आणि डायरीत चौतीस ओळी: क्रमांक, कुठून कुठे, कुठला फ्यूज.

चौतीस ओळींतल्या एकतीस जुळल्या. तीन वायरी तात्यांच्या वायरमनने टाटाच्या इंजिनासाठी वाढवल्या होत्या आणि त्यानेही, बाबांचं बघून, त्या दोऱ्याने बांधल्या होत्या.

फलटणला जाईपर्यंत आम्ही म्हणत होतो की आम्हाला बाबांचा ट्रक हवा आहे. त्या क्षणापर्यंत आमच्या डोक्यात ट्रक म्हणजे इंजिन होतं, तो आवाज होता. इंजिन विहिरीवर मेलं होतं. लाकडं आजोबांच्या वेळची नव्हती, बाबांनी बसवलेलीही उरली नव्हती. टायर, रेडिएटर, काचा, सगळं बदललेलं. उरलं होतं चेसीस, केबिनचा सांगाडा आणि डॅशबोर्डमागचा हा दोऱ्याने बांधलेला वायरींचा जुडगा. आणि तेवढ्यासाठी एक लाख साठ हजार द्यायला मी तयार होते, हे मला तिथेच कळलं. जुनी वस्तू परत घेणाऱ्याने आपला जीव तिच्या कुठल्या भागात अडकला आहे हे पैसे देण्याआधी शोधावं असं माझं मत आहे. आमच्या बाबतीत ते कळलं नसतं, तर आम्ही ते फुटकं इंजिन तीस हजारांना उचलून आणलं असतं. विहिरीवाला तेवढेच मागत होता.

कागद

सौद्याच्या आधी दादाने चेसीसवर ठोकलेला क्रमांक घासून साफ केला, वर कागद धरून पेन्सिलने छाप घेतली आणि आरसी बुकाशी एकेक अंक ताडून पाहिला. जुळला. एवढी खात्री न करता कोणीही पैसे देऊ नयेत, कारण बॉनेट आणि पाटी कुठल्याही गाडीवर चढवता येते.

आम्हाला आशा होती व्हिंटेज नोंदणीची. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याची तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना दहा वर्षांची नोंदणी मिळते, आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. वय आमच्या ट्रकचं एकोणसाठ होतं. पण तरतूद खाजगी वापराच्या गाड्यांसाठी आहे आणि आमची नोंद मालवाहू. शिवाय चेसीस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. आमचं इंजिनच दुसरं, आणि आरसीवर अजून पर्किन्सचा क्रमांक. दोन्ही दारं बंद. हे मी सौद्याच्या आधी शोधलं होतं आणि दादाला सांगितलं होतं, की हा ट्रक मुंबईच्या रस्त्यावर पुन्हा चालणार नाही. तो म्हणाला, "उभा तर राहील ना?"

नाव बदलण्याची वाट वेगळीच निघाली. कागदावर विक्री झालीच नव्हती, त्यामुळे खरेदीचा फॉर्म चालेना. मालक वारल्यावर वारसाने द्यायचा तो फॉर्म 31. मृत्यूची खबर तीस दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो, आम्ही सात वर्षं उशिरा. आईच्या नावाने अर्ज, आमच्या दोघांची ना-हरकत, मृत्यूचा दाखला. तात्यांबरोबर वेगळा करारनामा केला: 2003 ची विक्री, आताची परतविक्री, मिळालेली रक्कम, आणि मधल्या काळातल्या अपघाताचा किंवा खटल्याचा कुठलाही दावा माहितीत नाही असं त्यांचं लेखी म्हणणं. बाबांच्या सह्यांचे ते जुने 29 आणि 30 तात्यांनी आम्हाला दिले. ते मी अर्जाला जोडले नाहीत. घरी ठेवले आहेत.

थकबाकी व्याजासकट एक लाख बारा हजार निघाली. गाडी रस्त्यावर नसेल तर तसं आधी कळवून करात सूट मिळवता येते, मागाहून सांगून उपयोग होत नाही. हे तात्यांना माहीत नव्हतं, बाबांनाही नसतं. थकबाकी आम्ही भरली. ती तात्यांनी द्यावी असं दादाचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य होतं, कारण ट्रक त्यांच्याकडे होता. मी ती किमतीत धरायला लावली, नाहीतर एक साठ ऐवजी दोनच्या पुढे गेलो असतो. हे लिहिताना वारस नोंदीचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही.

मुंबईत जागा

ट्रक लोबेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, चढवून आणला. पासिंग नाही, विमा नाही, अशी गाडी टोचन करून अडीचशे किलोमीटर आणणं चूकच. लोणंद, शिरवळ, पुणे, मग घाट उतरून पनवेल, आणि रात्री मानखुर्दवरून आत. अडतीस हजार.

ठेवायचा कुठे, याला आम्ही सर्वात कमी वेळ दिला होता आणि त्यानेच सर्वात जास्त छळलं. आईच्या सोसायटीत कार लावायला मारामार, ट्रकला कमिटी हो म्हणेल ही आशाच नव्हती. दादाच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट चालू. शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आतल्या बाजूला एका जुन्या गॅरेजच्या चाचांनी शेडखाली जागा दिली, महिना नऊ हजार. चाचांनी तरुणपणी फार्गोवर काम केलेलं आहे. जिथे हा ट्रक जन्मला ती प्रीमियरची जागा तिथून जवळ, आज तिथे कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. नऊ महिन्यांचं भाडं एक्याऐंशी हजार झालं, पत्र्याच्या आणि ब्रेकच्या कामाला चौसष्ट हजार लागले. सगळं धरून साडेचार लाखांच्या वर गेलो आहोत. भाडं असंच चालू राहिलं तर दीड वर्षात ट्रकच्या किमतीएवढं जागेत जाईल. दादा पनवेलच्या पुढे जमिनीचा तुकडा बघतो आहे. मला तो खर्च पटत नाही आणि आमचं त्यावर एकमत झालेलं नाही.

दर्शनी पट्टी

चाचांनी मेगर, म्हणजे वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र, लावून एकेक वायर तपासली. चौतीसपैकी पाच बदलाव्या लागल्या, आवरण गेलं होतं. बदलताना त्यांनी जुन्या पट्ट्या काढून नव्या वायरींना लावल्या आणि गाठी बाबांच्या पद्धतीने मारल्या. त्यासाठी मेणाचा दोरा मी भुलेश्वरहून आणून दिला.

पत्र्याचं काम झाल्यावर पेंटर आला. केबिनच्या दर्शनी पट्टीवर, काचेच्या वर, तात्यांच्या मुलीचं नाव रंगवलेलं आहे, पिवळ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना कमळं. ट्रक त्यांच्याकडे आला त्याच वर्षी ती जन्मली. पेंटरने विचारलं, हे घासून टाकू ना, इथे वडिलांचं नाव घालू? दादा माझ्याकडे बघायला लागला. मी तात्यांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, तुमचा ट्रक, तुमच्या मनाला येईल तसं करा.

पट्टी घासलेली नाही. बाकी केबिनला प्रायमर मारून झालं आहे, पट्टीवर पेंटरने कागद चिकटवून ठेवला आहे. तात्यांची मुलगी आता पुण्याला नोकरी करते. तिने विचारलंय, दिवाळीत मुंबईला आले तर ट्रक बघता येईल का.